खुंटीवरचा दोर

४ मार्च

बोक्या,

वर आधी 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. नऊ वर्षांनी लिहितोय, आशीर्वाद द्यायचा तर कुठल्या तोंडानं? बोक्या म्हणायचा हक्कही खरा तुझ्या आईचा, पण दुसरं काही लिहायला हात धजत नाही.

तुझी आई गेली. पंधरा फेब्रुवारीला, सकाळी. आज सतरा दिवस झाले. मी फिरायला गेलो होतो. परत आलो तर मागच्या खोलीत खुर्चीत बसलेली, मांडीवर विणकाम, मान एका बाजूला. मला वाटलं डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि त्रास झाला नसणार. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील.

तुला कळवायचं तर माझ्याकडे ना पत्ता, ना नंबर. तो माझ्याच कर्माचा भाग आहे, त्याबद्दल पुढे कधीतरी. सध्या वहीत लिहून ठेवतो. पत्ता मिळाला की टाकीन.

पत्ता शोधायलाच तिचं कपाट उघडलं. लोकरीच्या गुंड्यांखाली एक निळी वही निघाली. पहिल्या पानावर तिच्या बारीक अक्षरात: "हे म्हणाले, या घरातून त्याला फोन जायचा नाही. बरं. खेळायचं नाही असं कुठे म्हणाले?"

तीनदा वाचलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला: ती कॉम्प्युटरवर तुझ्याबरोबर खेळत होती. सहा वर्षं! सहा वर्षं मला वाटत होतं की ती कॉम्प्युटरवर विणकामाचे नमुने बघते. तो कॉम्प्युटर जुना घेतला तेव्हा त्याच्या वायरी मीच जोडून दिल्या होत्या. 'तुम्ही आहात म्हणून होतं हो सगळं' असं म्हणालीही होती, आणि मी फुशारलो होतो. चाळीस वर्षं वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढलेला माणूस मी. दोनशे दिव्यांतला एक लुकलुकला तर पाठ फिरवून ओळखायचो. आणि घरात हे.

बावीस तारखेला तो खेळ पहिल्यांदा उघडला. परवलीचा शब्द वहीत होता. तुझी जन्मतारीख, आणखी काय असणार. समोर समुद्र, समुद्रात बेटं, बेटावर दोर वळायची लांबलचक शेड, आणि शेडच्या दारात निळा स्वेटर घातलेली ठेंगणी बाई. डोक्यावर नाव तरंगतंय: बोक्याची आई. आधी हसू आलं. मग जे व्हायचं ते झालं, बराच वेळ.

डोळे पुसून बघतो तर काय! वरच्या बाजूला तेवीस चित्रं, सगळी उड्या मारणारी. उजवीकडे नकाशा, नकाशाच्या पोटात दुसरा नकाशा. डावीकडे वारा, भरती, तागाचा ओलावा, गलबतांची यादी, आणि न कळणारे अकरा आकडे. मधोमध चौकोनावर चौकोन: नवीन सूचना एकशे सत्तेचाळीस. प्रत्येक जण म्हणतो मला आधी वाच. एवढी माहिती एका वेळी फक्त वेड्याला लागते किंवा देवाला. पुस्तिका शोधली. साडेचारशे पानांची आहे आणि म्हणे ती कोणी वाचत नाही. मी वाचतोय. साठाव्या पानावर आहे.

घाबरलो मात्र नाही. कंट्रोल रूमचा नियम आहे: सगळे अलार्म एकदम बोंबलायला लागले की आधी पोच द्यायची. म्हणजे बटण दाबायचं, 'कळलं बाबा' म्हणायचं, की बझर बंद होतो. मग थंड डोक्यानं बघायचं काय झालंय ते. इथेही प्रत्येक चौकोनाखाली 'ठीक आहे' असं बटण आहे. दाबत गेलो. तासाभरात पडदा स्वच्छ.

वहीत लिहिलंय की तू तिथे 'बोका' या नावानं असतोस, रोज सकाळी. म्हणजे आता तुला गाठणं सोपं आहे. तुला गाठायचं, हे सांगायचं. तेवढंच काम उरलंय मला.

बाबा


९ मार्च

बोक्या,

सोपं आहे म्हणालो होतो ना? शब्द मागे घेतो.

अकरा वेळा पाण्यात पडलो. पुढे जायचं बटण दाबलं की ती बाई मागे जाते, वळायला गेलो की आकाश बघते. तुझी आई, जिला टीव्हीचा रिमोट मी शिकवला, ती हे सगळं कसं शिकली असेल? वहीत नवख्यांसाठी एक पान आहे: "पहिल्या दिवशी नुसतं चालायचं. बाकीच्या सगळ्या खिडक्या बंद. दुसऱ्या दिवशी नुसतं उचलायचं आणि ठेवायचं. सगळं एकदम कळून घ्यायला गेलं की काहीच कळत नाही." वाचून म्हटलं, हे बालवाडीतलं झालं. आपण पुस्तिकाच वाचू. पान दोनशे.

रोज सकाळी वीस-पंचवीस नवे चौकोन येतात. पोच देतो आणि मोकळा होतो.

शेजारच्या धक्क्यावर एक सुतारीण आहे. गलबतं बांधते. खरी कुठली, कोण जाणे. ती तिच्या भाषेत लिहिते आणि खेळ ते आपल्या भाषेत फिरवून दाखवतो, त्यामुळे तिची वाक्यं जरा तिरकी येतात. "आई, आज तुमचे पाय पाण्याला फार प्रेम करतात," असं म्हणाली. येणारे-जाणारे सगळेच 'आई, आई' करत थांबतात. कुणी हात हलवतं, कुणी मासा ठेवून जातं. मी एकालाही सांगितलं नाही की मी ती नाही. का सांगितलं नाही, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तो निळा स्वेटर शेडभर फिरतोय, लोक तिची चौकशी करतायत, तेवढा वेळ ती गेलेली नसते. मला ते बरं वाटत होतं रे.

आणि काल सकाळी तू आलास! यादीत 'बोका', आणि नावापुढे हिरवा दिवा. आता बोलायचं कसं? तेवीस चित्रांतलं कुठलं दाबायचं? पुस्तिका चाळतोय, चष्मा नाकावरून घसरतोय, आणि त्यातच एक चौकोन नेमका तुझ्या दिव्यावर येऊन बसला. चिडून 'ठीक आहे' दाबलं आणि बाजूला केला. आणखी एक आला, तोही केला. दोनशे बाराव्या पानावर 'संभाषण' सापडलं तोवर दिवा गेला होता.

काही हरकत नाही. जागा कळली. उद्या आलास की सांगेन.

बाबा


१४ मार्च

बोक्या,

तू पाच दिवस आला नाहीस. आज सुतारीण शेडमध्ये आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आई, तुम्ही बोक्याशी असे का वागलात? तो रडणारा आवाज घेऊन गेला."

मी दोन बोटांनी टाइप केलं: मी काय केलं?

ती म्हणाली, "निरोपांची पेटी उघडा."

पेटी म्हणजे तेविसांतलं सतरावं चित्र. उघडली. माणसानं पाठवलेल्या निरोपाचाही चौकोनच येतो, हे मला कुठे माहीत होतं? तागाची सूचना आणि पोटचं पोर, दोन्हींचा चौकोन एकाच रंगाचा. आणि माणसाच्या निरोपाखाली 'ठीक आहे' दाबलं, की ते त्या माणसाला जातं. आईच्या नावानं. तुझे निरोप जसेच्या तसे उतरवतो. तुला पाठ असतील, पण मला लिहायलाच हवेत.

अठरा फेब्रुवारी: "आई, तीन दिवस झाले. बरी आहेस ना?" बावीस तारखेला खाली माझं उत्तर: ठीक आहे.

बावीस: "हुश्श! जीव टांगणीला लावलास. बोलत का नाहीस पण?" ठीक आहे.

सत्तावीस: "माझं काही चुकलं का?" ठीक आहे.

तीन मार्च: "बाबांना कळलं का? त्यांनी बंदी घातली का? नुसतं हो म्हण." ठीक आहे.

आठ मार्च, ज्या दिवशी मी तुझा दिवा बघून वेडापिसा झालो होतो: "मी समोर उभा आहे आई. बघ तरी." ठीक आहे. आणि लगेच खाली: "मी आता येऊ नये असं वाटतं का तुला? तसं असेल तर नाही येत." ठीक आहे.

तुझ्या दिव्यावर येऊन बसले होते ते हेच दोन चौकोन.

पंधरा फेब्रुवारीचाही एक निरोप आहे, सगळ्यांच्या तळाशी. त्याच्याबद्दल आज लिहिणार नाही. होणार नाही माझ्याच्यानं.

धावत तुला लिहायला गेलो तर लाल अक्षरं आली: या खेळाडूने तुमचे निरोप बंद केले आहेत. बरोबरच केलंस.

आता राहिलेलं कबूल करतो. नऊ वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाला नापास झालास, तेव्हा मी पक्कड घेऊन तुझ्या कॉम्प्युटरची वायर कापली. तुझ्यादेखत, तीन तुकडे केले. तू म्हणालास, 'बाबा, एकदा बघा तरी मी तिथे काय बनवलंय.' मी म्हणालो, 'बघितलं. आता तू आमच्यासाठी संपलास.' मी काहीसुद्धा बघितलं नव्हतं. नुसता बझर बंद केला होता.

आणि तुझ्या आईचं. दोन महिने म्हणत होती, 'जिना चढताना दम लागतो हो.' मी पेपरमागून 'हं' म्हणायचो. त्या दिवशी सकाळी म्हणाली, 'आज कसंतरीच होतंय, जरा बसते.' मी 'हं' म्हणालो, बूट घातले आणि गेलो. नव्या पोरांना मी शिकवायचो, पोच दिली म्हणजे काम झालं नाही, पहिला दिवा कुठला लागला ते शोधा, बाकीचे सगळे त्याच्या मागून आलेले असतात. शिकवायला काय जातंय!

आज दिवसभर जेवलो नाही. शेजारीण डबा ठेवून गेली, तो तसाच आहे.

बाबा


२९ मार्च

बोक्या,

सुतारिणीला त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. मी आई नाही. आई गेली. मी तिचा नवरा, आणि बोक्याचा बाप. तिनं लिहिलं, "मला चालायला तिने शिकवले. मी पहिल्या दिवशी या धक्क्यावर घाबरून बसले होते, खूप खिडक्या होत्या. ती म्हणाली, सगळ्या बंद कर, मी आहे." आणि थोड्या वेळानं: "आता तिचा दोर कोण वळेल?"

तेव्हा मला वहीतलं एक पान आठवलं, जे मी 'पुढे बघू' म्हणून उलटलं होतं. "बोक्याच्या गलबताचा मोठा दोर दर महिन्याच्या शेवटी. खुंटीवर त्याच्या नावानं लावला की त्याच्या फोनवर आपोआप कळतं: तुमचा दोर तयार आहे. (म्हणजे मी फोन केलेला नाही.)"

कंसातलं ते वाक्य वाचून मी मोठ्यानं हसलो. एकट्यानं, रिकाम्या घरात. काय बाई होती!

आईचे निरोप तू बंद केलेस, पण खुंटी काही आईची नाही, शेडची आहे. निरोप पोचायची तेवढी एकच वाट उरली होती. तर मग दोर वळायला शिकणं आलं.

पुस्तिका बंद करून ठेवली. सुतारिणीनं पहिल्या दिवशी बावीस चित्रं बंद करायला लावली. एकच ठेवलं. त्या दिवशी मी नुसता चाललो, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी ताग उचलला आणि ठेवला. तिसऱ्या दिवशी पेड. तीन पेड सारखे ताणलेले लागतात, मग उलटा पीळ द्यायचा, नाहीतर सगळं सुटतं. सात दोर सुटले. सुतारीण म्हणायची, "पुन्हा," आणि मी पुन्हा. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला 'पुन्हा' म्हणणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

माझ्याबद्दल तुझी आई नेहमी म्हणायची, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझ्यासमोरही म्हणायची, तू खुदकन हसायचास. तो पीळ आता तरी कुठे कामाला यावा म्हणून सोळा दिवस वळत बसलोय.

आज सकाळी आठवा दोर टिकला. तिच्या दोरांच्या मानानं ओबडधोबड आहे, मधे एका जागी फुगलाय. तुला बघताक्षणी कळेल की हा तिच्या हातचा नाही. कळू दे.

खुंटीवर लावला. बोका.

बाबा


३० मार्च

बोक्या,

तुला माहीतच आहे काय झालं. तरी लिहितो, कारण तिथे मला दोन बोटांनी चार शब्द लिहायला चार मिनिटं लागत होती, आणि जे राहिलं तेच जास्त होतं.

साडेआठला तुझं गलबत धक्क्याला लागलं. तू शेडमध्ये आलास, दोर हातात घेतलास आणि उलटसुलट करून पाहिलास. मग एक चौकोन आला. माझं बोट बटणावर गेलं होतं रे, चाळीस वर्षांची खोड. उजवा हात मांडीखाली दाबून बसलो आणि डाव्या हातानं तो उघडला.

"हा दोर तुझा नाही. कोण आहे?"

मी लिहिलं: बाबा. मग लिहिलं: आई गेली.

तू हलला नाहीस. भिंतीवरच्या घड्याळात बघत होतो, पंचेचाळीस मिनिटं. तुझा हिरवा दिवा चालू होता म्हणून मी जागचा उठलो नाही. पाण्यालाही नाही. वाटलं, हा उठून गेला तर माझ्याकडे दुसरा दोर नाही.

मग तू विचारलंस: "कधी?"

पंधरा फेब्रुवारी, सकाळी, असं लिहिताना मला माहीत होतं की मी काय लिहितोय. तळाशी असलेला तो निरोप त्याच सकाळचा आहे, सात चाळीसचा. "आई, बोलता बोलता कुठे गेलीस? दूध उतू गेलं का?" मी साडेआठला घरी आलो, तेव्हा तिच्यासमोरच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता. मी समजलो, विणकामाचे नमुने बघत बसली असेल.

तिथे लिहिता आलं नाही ते हे: तो निरोप तू शिक्षा म्हणून बाळगू नकोस. मी नव्हतो तिच्याजवळ. तू होतास. तिचं शेवटचं बोलणं तुझ्याशी झालं, आणि ते कशाबद्दल होतं तेही पेटीत आहे. तू विचारलं होतंस, दोराला पीळ उजवा की डावा, आणि तिनं लिहिलं होतं, 'आधी तू नाश्ता केलास का ते सांग.' ती सुखात होती बोक्या. एवढं मी आता खात्रीनं सांगू शकतो. डॉक्टरांपेक्षा जास्त.

त्यानंतर तुझा प्रश्न आला. तो येणार हे मला दोन आठवडे माहीत होतं.

"मग इतके दिवस ठीक आहे कोण म्हणत होतं?"

मी लिहिलं: मी. न वाचता.

एवढं एकच उत्तर मी आयुष्यात तुला विचार करून दिलं असेल. मग तो ओबडधोबड दोर खांद्यावर टाकून गलबतावर चढलास. मला वाटलं, संपलं. दिवा जाण्याआधी एक चौकोन आला. उघडला तर ना शिवी, ना बाबा अशी हाक, नुसता पत्ता. घर नंबर, गल्ली, गाव. खाली एक ओळ: "तिची वही पाठवा."

तर वही या पाकिटात आहे. तिच्याबरोबर ही पाचही पत्रं ठेवतोय, वाचायची की नाही ते तू ठरव. शेड मी सांभाळतोय. सुतारीण म्हणते पुढचा दोर यापेक्षा बरा होईल. काल एक नवखं धक्क्यावर येऊन भांबावून उभं होतं, त्याला म्हटलं, सगळ्या खिडक्या बंद कर, आज नुसतं चाल.

एकच मागणं आहे. पाकीट मिळालं की नुसतं 'मिळालं' म्हणून कळवू नकोस. ते मी पुरतं भोगलंय आणि तुलाही भोगायला लावलंय. भांड, शिव्या दे, पक्कड आठव आणि मनात आहे ते सगळं लिही. मी वाचीन. शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन आणि मगच उत्तर देईन.

बाबा